मोहोर शाबूत, घोडा गायब

१

मोहोर मी तीनदा पाहिली. भिंग लावून पाहिली, नखाने खरवडून पाहिली, शेवटी नाक लावून वासही घेतला. लाख सात महिन्यांपूर्वीची होती आणि तिला केसाएवढाही तडा नव्हता. तिच्याखालची दोन्ही कुलपं जागच्या जागी होती. मग समितीचे अध्यक्ष बापूसाहेब येनगंटीवार यांनी मोहोर फोडली, जुडग्यातल्या दोन किल्ल्या लावल्या, काचेच्या कपाटाचं दार कुरकुरत उघडलं, आणि आत घोडा नव्हता.

"चोर!" बापूसाहेब ओरडले. ओरडताना त्यांची नजर कपाटाकडे नव्हती. दाराशी उभ्या असलेल्या संग्रहपालाकडे, वामन पात्रीकरांकडे, होती.

गोष्ट १९५६ च्या ऑक्टोबरातली, चांद्याची. एक नोव्हेंबरला आमचा मुलूख मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात जायचा होता आणि त्याच्याबरोबर चांद्याचं हे छोटं सार्वजनिक संग्रहालयही. दुसऱ्या सरकारच्या हवाली करण्याआधी प्रत्येक वस्तू यादीशी ताडून पाहायची, म्हणून नागपूरच्या कचेरीनं मला पाठवलं. मी सदाशिव हरकरे. सत्तावीस वर्षं लोकांची कपाटं उघडण्यात गेली. त्यामुळे समोर माणूस आला की तो काय लपवतोय हेच मला आधी दिसतं. बायको म्हणते, तुम्ही देवाकडेही ओळखपत्र मागाल. खोटं नाही ते.

यादीतली एकतिसावी वस्तू म्हणजे हा घोडा. पितळेचा, दीड वीत उंच, तेलानं आणि धुरानं काळा पडलेला. सूरजागडच्या डोंगराखाली कोसमपर्सा नावाचं माडिया गाव आहे, त्या गावाचा तो देव. इंग्रजांच्या काळात एका गोऱ्या साहेबाला आवडला, त्यानं उचलला आणि विलायतेला जाताना इथे देऊन गेला. तेव्हापासून दर वर्षी जत्रेआधी गावची माणसं पायी चांद्याला यायची, आठ दिवसांसाठी घोडा मागायची आणि रिकाम्या हातानं परत जायची.

पात्रीकरांनी यावर तोड काढली होती. त्या गावच्या ओताऱ्याकडून हुबेहूब दुसरा घोडा ओतवून घ्यावा, तो कपाटात ठेवावा आणि खरा जत्रेपुरता जाऊ द्यावा. समितीनं नाही म्हटलं. तरी पात्रीकरांनी मार्चमध्ये झिंगू नावाच्या ओताऱ्याला बोलावून खोलीत चटईवर, घोडा समोर ठेवून, कामाला बसवलं. नुसता साचा करायला ठराव कशाला, असं त्यांना वाटलं. बापूसाहेबांना पत्ता लागताच ते तडक आले, झिंगूला हाकललं, घोडा कपाटात घालून मोहोरबंद केला आणि खोलीलाही कुलूप ठोकलं. पात्रीकरांची चौकशी लागली. त्यांनी कुठल्याही वस्तूला हात लावू नये, असा ठरावही झाला. साऱ्या किल्ल्या त्या दिवसापासून अध्यक्षांच्या कमरेला.

आणि आज हे.

कपाटात होतं तरी काय? खाली कापसाची गादी, तिच्यावर पसरलेला कडक तपकिरी डाग आणि मधोमध मुठीपेक्षा मोठा मातीचा गोळा.

"कुंभारमाशीनं घर बांधलं," बापूसाहेब म्हणाले. "पाहा, हा यांचा कारभार."

मीही मान डोलावली. जुन्या कचेऱ्यांतून कुंभारमाशीची घरं मी शेकड्यानं पाहिली आहेत.

"हरकरे, परवापर्यंत अहवाल द्या," बापूसाहेब म्हणाले. "मग मी या माणसाला पोलिसांच्या हवाली करतो."

पात्रीकरांच्या घरी म्हातारी आई, दोन लहान मुली, आणि हा माणूस भिंतीसारखा गप्प. निरपराध माणूस असा गप्प बसत नाही, असं मी मनात म्हटलं.

२

पण संशयाचा पहिला मान मी बापूसाहेबांनाच दिला. किल्ल्या त्यांच्या, मोहोर त्यांची, खोली त्यांची. त्यांच्यावाचून त्या कपाटाला कोण हात लावणार?

ते मला बैठकीत भेटले. मालगुजारी जाऊन पाच वर्षं झाली होती, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. गाव गेलं म्हणून काय झालं, हुकूम करायला संग्रहालय तरी होतंच.

"पश्चिमेच्या खिडकीला पडदा हवा म्हणून पात्रीकरांनी चार अर्ज केले होते म्हणे?" मी विचारलं.

"केले ना. पडदा पाहिजे, पत्र्याखाली तट्टे पाहिजेत, खोली तापते. अहो, चांद्यात काय तापत नाही? आज पडदा मागतो, उद्या किल्ली मागेल. नोकरमाणसाला मोकळं सोडलं की संस्था बुडालीच समजा. आमच्याकडे खिळा ठोकायचा तरी ठराव होतो."

"घोडा कपाटात ठेवताना तुम्ही हजर होतात?"

"हजर म्हणजे? माझ्या या डोळ्यांसमोर ठेवला. हा पंचनामा. मी सांगितला, मीच सही केली."

कागदावर लिहिलं होतं: घोडा पितळी, एक. दोन्ही कान व चारही पाय शाबूत. स्थिती उत्तम.

"हातात घेऊन पाहिला होतात?"

बापूसाहेबांनी नाक मुरडलं. "मी? तेल, काजळी, काय काय थापलेलं असतं त्यांच्या देवांना. मी दारातूनच काठीनं दाखवलं. चौकीदारानं, त्या इतवारीनं, उचलून आत ठेवला."

"आणि पात्रीकर?"

"त्यांना कार्यालयात बसवून ठेवलं होतं. ज्याची चौकशी, तो तिथे कशाला?"

मी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागीट माणूस, हेकट माणूस. पण डोळ्यांत चोराची चलबिचल नव्हती. त्यांनी खरोखरच घोडा आत जाताना पाहिला होता. मग मोहोर न मोडता तो बाहेर आला कसा?

३

पात्रीकरांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि स्वतः घेतला नाही.

"तुम्ही दुसऱ्या किल्ल्या करून घेतल्या?"

"नाही."

"करून घेतल्या असत्या, तरी मोहोर?"

"मोहोर तुम्हीच पाहिलीत."

"पात्रीकर, तुम्ही तुरुंगाच्या दारात उभे आहात. तुम्हाला काही ठाऊक आहे आणि ते तुम्ही गिळताय, हे मला दिसतंय."

त्यांनी मेजावरची धूळ बोटानं पुसली. "मला जे लिहायचं होतं, ते मी वेळच्या वेळी समितीला लिहिलं. तीन पत्रं आहेत. त्यापलीकडे मला बोलायचं नाही."

मला चीड आली. काहीतरी बोलतं करावं म्हणून मी विचारलं, "बरं, निदान तो घोडा होता कसा ते सांगा. मी पाहिलेलाच नाही."

तेवढ्यानं त्या माणसाचा चेहरा बदलला. आपल्या लेकरांबद्दल विचारावं तसा. "कान झिजून नुसते उंचवटे उरलेले. आयाळ बारीक दोऱ्यांची. मागचा डावा पाय गुडघ्याखाली नाही, तरी उभा कसा राहायचा कोण जाणे. पाठीवर स्वाराची खूण आहे, स्वार नाही. लोक म्हणतात, देव दिसत नाही, म्हणून." एवढं बोलून ते पुन्हा मेजावरची धूळ पुसू लागले.

मी वहीत काही लिहिलं नाही. तिथेच चुकलो. सत्तावीस वर्षं वस्तू मोजणारा मी, पाय मोजायला विसरलो.

४

झाडझूड करणारी गुणाबाई स्वतःच माझ्याकडे आली. इकडेतिकडे पाहून पदर तोंडाला लावत म्हणाली, "साहेब, माह्यं नाव नका घेऊ. पन त्या इतवारीले इचारा."

"काय विचारू?"

"थो होळीपावतर रोज सकारी त्या कपाटापुढं चार दाने धान ठेवे. मी झाडून झाडून थकली. म्हटलं, काऊन ठेवतं रे भाऊ, उंदरं येतेत. त म्हने, आमचा देव आहे. मंग खोलीले कुलूप लागलं. आता तुमीच सांगा, दारापुढं तरी ठेवाव का नाई? कुलूप लागलं त्या दिसापासून एक दाना नाई ठेवला त्यानं. मले तवाच वाटलं, याच्या पोटात काईतरी आहे."

इतवारी व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. पन्नाशीचा, सडसडीत, सरकारी कोट अंगात आणि खाली धोतर. मूळचा कोसमपर्शाचाच. बसून कपाटांना तेल लावणं आणि उठून दार उघडणं, यात त्याची वीस वर्षं गेली होती. एका गावचा देव आणि त्याच गावचा चौकीदार. मला आणखी काय हवं होतं?

"इतवारी, घोडा आत तूच ठेवलास?"

"हो साहेब. अध्यक्ष साहेबानं काठी दाखवली, तेच मी ठेवलं."

"मग धान ठेवणं काऊन सोडलं?"

"खोली बंद झाली."

"दारापुढं ठेवता आलं असतं."

त्यानं पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग अगदी सरळ माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाला, "साहेब, रिकाम्या घरापुढं कोनी ठेवते का?"

५

माझी झोपच उडाली म्हणायची, पण उडायला ती भरदुपारी लागली कुठे होती! मोहोर लागली त्याच दिवशी इतवारीला माहीत होतं की कपाट रिकामं आहे. आणि त्याच दिवशी बापूसाहेबांनी घोडा आत जाताना पाहिला होता. दोघांपैकी एक खोटं बोलत होता, आणि दोघांचेही चेहरे खऱ्या माणसाचे होते.

मी बापूसाहेबांकडे पुन्हा गेलो आणि ती तीन पत्रं मागितली. त्यांनी फडताळातून पाकिटं काढून दिली. तिन्ही बंद.

"उघडली नाहीत?"

"चौकशी चालू असताना त्यानं अध्यक्षांना थेट लिहायचं नाही, असा ठराव आहे. उघडली असती तर ठरावाचा भंग झाला असता."

मी तिथेच उघडली. अक्षर पात्रीकरांचं, सुरेख.

वीस एप्रिल. बाहेरून, पश्चिमेच्या खिडकीतून पाहता क्र. ३१ चा घोडा एका बाजूला कललेला दिसतो. कपाट उघडण्याची परवानगी मिळावी.

नऊ मे. घोडा पोटावर बसला आहे. परवानगी मिळावी.

दोन जून. घोडा दिसत नाही.

पितळेचा घोडा कलतो कसा? बसतो कसा? मी उठलो, किल्ल्या घेतल्या आणि बापूसाहेबांना मागे टाकून जवळजवळ धावतच संग्रहालयात आलो. ऑक्टोबरचं ऊन होतं, तरी त्या पत्र्याखाली कपाटाच्या काचेला हात टेकवत नव्हता. मे महिन्यात तिथे काय होत असेल!

मातीचा गोळा उचलला. कुंभारमाशीच्या घराला भोकं असतात, आत अळ्यांच्या खोल्या असतात. हा भरीव होता. काळी माती, भाताचा कोंडा मिसळून मळलेली. बोट फिरवलं तर बोटाला पाठ लागली, पोट लागलं, मानेचा बुडखा लागला. गादीवरच्या तपकिरी डागाची खपली काढून आगपेटीची काडी तिच्याखाली धरली. ती वितळली, आणि खोलीभर मधाचा आणि राळेचा वास पसरला.

मी संग्रहालयाची नोंदवही उघडून क्र. ३१ ची पात्रीकरांनी केलेली जुनी नोंद काढली. मागचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. शेजारी अध्यक्षांचा पंचनामा ठेवला. चारही पाय शाबूत.

मग मी सगळ्यांना बोलावलं.

६

कपाटासमोर आम्ही चौघे होतो. बापूसाहेब खुर्चीवर, पात्रीकर आणि इतवारी उभे. पोलिसांना सांगावा धाडायला बापूसाहेबांचा माणूस बाहेर तयारच होता.

"चोरी झालेली नाही," मी म्हणालो. "या कपाटात तुम्ही जे बंद केलंत, बापूसाहेब, ते सगळं अजून इथेच आहे. माती गादीवर, मेण गादीत."

"मेण? काय बडबडता?"

"पात्रीकर, ओतारी घोडा कसा करतो ते तुम्हीच सांगा."

पात्रीकरांनी इतवारीकडे पाहिलं. इतवारीनं मान हलवली, तेव्हा ते बोलले. "आधी मातीचं धड. त्याच्यावर राळ घातलेल्या मेणाच्या दोऱ्या गुंडाळून पाय, कान, आयाळ, सगळं घडवायचं. वरून पुन्हा माती. भट्टीत मेण जातं आणि त्या जागी पितळ येतं. झिंगूचा मेणाचा घोडा त्या दिवशी सकाळीच पुरा झाला होता. वरची माती चढवायची राहिली होती."

"म्हणजे त्या दिवशी चटईवर दोन घोडे होते," मी म्हणालो. "दोन्ही काळपट, दोन्ही दीड वीत. एक झिजलेला, लंगडा. दुसरा नवाकोरा, चार पायांचा. कारण झिंगूनं देवाचा पाय नव्यानं करून दिला होता. बापूसाहेब, तुम्ही दारात उभे होतात. तुम्ही काठी कोणत्या घोड्याकडे केलीत?"

बापूसाहेबांची नजर हातातल्या काठीवर गेली.

"चांगल्याकडे," मीच सांगितलं. "लंगडा तो त्या ओताऱ्याचा बिघडलेला माल, असं तुम्हाला वाटलं. पंचनाम्यात तुम्हीच लिहिलंत, चारही पाय शाबूत. खऱ्या घोड्याला चार पाय नाहीत, हे त्या दिवशी सांगू शकणारा एकच माणूस इमारतीत होता, आणि त्याला तुम्ही कार्यालयात बसवलं होतं. चार वेळा मागितलेला पडदा दिला असतात, तर मेण वितळलं नसतं. आज हा मेणाचा घोडा पितळी म्हणून मुंबई राज्याच्या यादीत गेला असता आणि कुणाला कधीच कळलं नसतं."

वर पत्रा तडतडला.

"आणि खरा?" बापूसाहेबांचा आवाज चिरकला. "अरे इतवारी, खरा कुठी गेला?"

"तुमी म्हटलं, याचं सारं सामान बाहेर फेका," इतवारी म्हणाला. "चटईवरचं सारं मी झिंगूच्या टोपलीत भरून देलं."

"तुला कळत होतं ना, तो खरा होता?" बापूसाहेबांनी विचारलं.

"कळत होतं."

"मग बोलला काऊन नाई?"

इतवारीचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "साहेब, आमी पंचवीस वर्षं तुमाले मांगून राह्यलो. तुमी 'नाई' सोडून कवा दुसरं बोललेच नाई. त्या दिवशी तुमच्याच तोंडून निघालं, याले बाहेर काढा. मले वाटलं, देवच बोलून राह्यला, मले घरी ने. देवाच्या बोलण्याच्या मंधात मी कोन?"

"मग तो आता..." बापूसाहेब म्हणाले.

"इतवारी, थांब," मी मध्येच म्हणालो. "कुठे आहे ते मला सांगू नकोस. मी विचारलं, तर मला लिहावं लागेल."

मी पात्रीकरांकडे वळलो. "तुम्हाला केव्हा कळलं?"

"दुसऱ्या पत्राच्या वेळी. पितळ बसत नाही." ते ओशाळून हसले. "बोललो असतो तर पोलीस आधी झिंगूच्या दारात गेले असते. त्याला मी बोलावलं होतं. माझ्या कामासाठी त्याला बेड्या पडाव्यात, हे मला जमलं नसतं."

या माणसाच्या गप्प बसण्याला मी दोन दिवस चोराचं मौन समजत होतो. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती मी इथे लिहून ठेवतो.

मी अहवाल तिथेच लिहिला आणि वाचून दाखवला. "क्रमांक एकतीस. समितीनं स्वतः बंद केलेली वस्तू, मोहोर शाबूत. आत मेणाचा घोडा होता, तो उन्हानं वितळला. मूळ घोडा अध्यक्षांच्या हुकमानं बाहेर काढलेल्या सामानात गेला. पडद्याचे चार अर्ज आणि न उघडलेली तीन पत्रं सोबत जोडली आहेत. संग्रहपालांचा दोष नाही. बापूसाहेब, घोडा परत मागवायचा असेल तर मागवा, तो तुमचा अधिकार आहे. फक्त ठराव करावा लागेल, आणि ठरावात लिहावं लागेल की तो गेला कसा."

बापूसाहेबांनी लेखणी हातात घेतली. किती तरी वेळ ती कागदावर टेकलीच नाही. मला वाटलं, आता हा माणूस कागद फाडणार. पण त्यांनी सही केली.

"ठरावाचा कागद काढू?" मी विचारलं.

"राहू द्या."

बाहेरच्या माणसाला त्यांनी हातानंच जा म्हणून खूण केली. मग खुर्चीतून उठून ते पहिल्यांदाच कपाटाच्या अगदी जवळ गेले आणि आत वाकून पाहू लागले. बारा वर्षं ते या संग्रहालयाचे अध्यक्ष होते. बारा वर्षांत त्यांनी इथे हुकूम दिले, नकार दिले, ठराव केले. प्रश्न एकही विचारला नव्हता, हे मला नंतर पात्रीकरांनी सांगितलं.

"पात्रीकर," ते म्हणाले. आवाज इतका खाली होता की आधी मला ऐकूच आला नाही. "तो पाय... कसा तुटला होता हो त्याचा?"

पात्रीकर पुढे आले. मग त्यांनी खुर्ची कपाटापाशी ओढली, इतवारीलाही जवळ बोलावलं.

"बसा," ते म्हणाले. "हे इतवारीच नीट सांगेल."